हे नाहीत

“नाही. हे नाहीत,” बाई म्हणाली.

“नीट बघा,” हवालदार नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाला. “नंतर परत खण उघडायला लावू नका.”

“बघितलं ना. हे आमचे नाहीत.”

थंडोबा खणाच्या कडीला हात लावून उभा होता. बाहेर ओढलेल्या लांब पत्र्याच्या खणात, चादरीखाली, पन्नाशीतला एक हडकुळा माणूस होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. नखांच्या कडांत पांढरा रंग मुरलेला, कानामागे एक हिरवा शिंतोडा तसाच राहिलेला. रंगारी असणार. गेल्या आठवड्यात तो इस्पितळाच्या फाटकातच कोसळला होता. खिशात ना कार्ड ना चिठ्ठी, म्हणून कागदोपत्री ‘अनोळखी पुरुष’ झाला. अतिदक्षता विभागात नळ्या लावून ठेवला होता, तो काल गेला. हवालदाराने त्याचा फोटो आसपासच्या वस्त्यांत दाखवला, तेव्हा कोणीतरी ह्या बाईच्या दाराकडे बोट केलं होतं.

बाईने चेहरा एकदाच बघितला. मग तिची नजर पायांकडे गेली. चादर आखूड होती, पायाचे अंगठे बाहेर राहिले होते. तिने चादर ओढून ते झाकले, दोन्ही बाजूंनी ती नीट खोचली, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. दारात तिची तरुण मुलगी उभी होती. ती भिंतीवरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होती. खणाकडे तिने मान वळवलीच नाही.

“चल गं,” बाई म्हणाली, आणि दोघी निघून गेल्या.

हवालदाराने ‘ओळख पटली नाही’ असं लिहून खाली सही केली.

थंडोबाला मात्र कळलं होतं. परक्या मढ्याला कोणी ‘हे’ म्हणत नाही. खणातला अनोळखी माणूस ‘हा’ असतो. ‘हा तो नव्हे’, ‘हा नाही हो आमचा’, असंच तो नोकरीभर ऐकत आला होता. ‘हे’ फक्त बायको म्हणते, आणि तेही एकाच माणसाला. हवालदाराच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्याला चहाला जायचं होतं.

“आणखी एक बेवारस,” तो म्हणाला. “ढकल आत.”

थंडोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. शवागारात नोकरीला लागला तेव्हा वॉर्डबॉय मंडळींनी थट्टेने ठेवलं आणि स्वभावही तसाच निघाल्यामुळे ते चिकटलं. त्रागा नाही, घाई नाही, आवाज चढवणं नाही. आपल्या कामाची त्याला स्वतःला कधी किळस वाटली नव्हती. वाटायची ती लोकांना. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्याच्यासाठी वस्तरा वेगळा ठेवला होता. किराणावाला सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवायचा. घरी गेल्यावर बायको आधी बाहेरच्या नळावर अंघोळ करायला लावायची, मगच उंबरा ओलांडू द्यायची. त्यात त्याला अपमान वाटत नसे. मेलेला माणूस जी घाण करतो ती काही मुद्दाम करत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. फुगलेले, सडलेले, पाण्यातून काढलेले, सगळे त्याने धुतले होते, आणि मग साबणाने हात धुऊन डबा खाल्ला होता.

किळस यायला लागली ती गेल्या वर्षापासून. आणि ती मेलेल्यांची नव्हती.

सरकारने नवं धोरण आणलं. त्याचं नाव ‘स्वावलंबन’. इस्पितळात गरिबाला जे जे फुकट मिळत होतं ते सगळं दरपत्रकात जाऊन बसलं. खाटेचे पैसे, सलाइनचे पैसे, ऑक्सिजनचे तर तासावर. लोकांना फुकटाची सवय लागली आहे, ती मोडली की ते आपोआप पायांवर उभे राहतील, असं मंत्री टीव्हीवर सांगत होते. सांगताना ते कोचात रेलले होते. बाहेर पीठ महागलं, तेल महागलं, गॅस महागला, खोल्यांची भाडी वर्षात दोनदा वाढली. त्यावर कोणी विचारलं तर मंत्री म्हणायचे, थोडी कळ सोसा.

मग धोरण जिने उतरत उतरत तळघरात, शवागारापर्यंत आलं. दाराशेजारी एक चकचकीत फलक लागला. वर मंत्र्यांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ आणि त्याखाली दर. शीतपेटी, प्रतिदिन इतके. चादर इतके. स्ट्रेचर फाटकापर्यंत इतके. अगदी शेवटी बारीक अक्षरांत ‘कृपया सुटे पैसे आणावेत.’ तो फलक पुसायचं काम थंडोबाकडे आलं. पहिल्या दिवशी त्याने तो पुसला आणि नंतर बराच वेळ फडकं धूत बसला.

नियम असा झाला की बॉडी ताब्यात घ्यायला जो सही करील, त्याने उपचाराचं सगळं बिल भरायचं. बिल भरेपर्यंत बॉडी मिळणार नाही, आणि शीतपेटीचं भाडं रोज चढत राहणार. शेवटचं करायला पालिका मदत द्यायची, ती बंद झाली. स्मशानाची जागाही ठेकेदाराकडे गेली आणि त्याने स्वतःचे दर लावले. एकाच माणसाचं सगळं फुकट राहिलं. ज्याला कोणी नाही, त्याचं. त्याचं बिल माफ. त्याला पालिकेची गाडी नेणार आणि शहराबाहेरच्या सरकारी जागेत त्याचं काय ते उरकणार.

मग व्हायचं तेच झालं. गरिबांचे नातेवाईक भराभर नाहीसे झाले.

बायका आपल्या आयांना ओळखेनाशा झाल्या. भाऊ भावाच्या तोंडाकडे बघून मान हलवू लागले. आणि थंडोबाला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. पूर्वी रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाच्या खिशात काही ना काही सापडायचंच. तिकिटाचा तुकडा, दुकानाची पावती, फोटो, किल्ली. आता खिसे रिकामे निघत. नुसते रिकामे नाहीत, उलटे करून झटकलेले. शिवणीतली धूळसुद्धा काढलेली. इस्पितळाच्या वाटेला लागायच्या आधी माणसं घरीच स्वतःला पुसून टाकून येत होती.

*

दुपारी थंडोबा मागच्या बाजूला चादरी वाळत घालत होता, तेव्हा ती बाई परत आली. एकटीच. तारेच्या कुंपणापलीकडे उभी राहिली. सकाळी तिच्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. आता उन्हात दिसलं, बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे होते. घरी बसून पुठ्ठ्याची खोकी चिकटवणारी बाई.

“भाऊ, एक विचारू?”

“विचारा.”

“असंच हं. माझं काही नाही त्यात.” ती जरा थांबली. “त्या बेवारस माणसांचं पुढे काय करतात तुम्ही लोकं?”

“मुदत संपेपर्यंत ठेवतो. मग गुरुवारी पालिकेची गाडी येते.”

“धुता का त्यांना?”

“मी धुतो.”

“गरम पाण्याने?”

थंडोबाने हातातली चादर तारेवर टाकली. मेलेल्या माणसाला गरम पाणी कशाला, असं तो म्हणू शकला असता. “कोमट असतं,” तो म्हणाला.

बाईने मान हलवली. निघेल असं वाटलं, पण निघाली नाही.

“समजा,” ती म्हणाली, “समजा हं, एखादा माणूस आहे. रंगकाम करणारा. छातीत त्या रंगाचा धूर बसलाय. आधी इथूनच औषध मिळायचं त्याला. मग म्हणाले बाहेरून आणा. बाहेर आणायला गेलं तर महिन्याची गोळ्यांची पाकिटं आणि खोलीचं भाडं सारखंच. मग तो काय करील?”

“एक दिवसाआड घेईल.”

“तेच केलं. म्हणजे, केलं असेल त्याने.” तिने कुंपणाची तार धरली. “मग दोन दिवसांआड. मग मुलीला सांगायचं, घेतली गं, आत्ताच घेतली. रात्रभर बसून राहायचं. आडवं झालं की श्वास लागतो म्हणून.”

“आणि मग?”

“मग एक दिवस सकाळी दाढीसुद्धा न करता निघाला असेल. बायको म्हणाली असेल, मी येते बरोबर. तर ओरडला असेल तिच्यावर. कधी न ओरडणारा माणूस. खिशातलं एकेक काढून फळीवर ठेवलं. फोन ठेवला. कार्ड ठेवलं. म्हणाला, माझ्यामागे कोणी आलं तर मला ओळखू नका. सही केलीत तर खोली जाईल, आणि तुम्ही दोघी रस्त्यावर. शपथ घातली.” तिचा आवाज फुटला नाही. ती पुढे म्हणाली, “अशी माणसं असतात का हो?”

“असतात,” थंडोबा म्हणाला. “हल्ली खूप येतात.”

“मुलगी बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तू त्यांना नाही म्हणालीस.” मग एकदम सावरून, “म्हणजे त्या माणसाच्या बायकोशी बोलत नसेल ती मुलगी. असं म्हणायचंय मला.”

“कळलं मला.”

“गुरुवारी किती वाजता असते गाडी?”

“दहाच्या सुमाराला.”

“असंच विचारलं हं.”

“हो,” थंडोबा म्हणाला. “असंच.”

ती गेल्यावर त्याने आत येऊन बादलीत पाणी भरलं. चहाची विजेची शेगडी होती तिच्यावर ते कोमट केलं. रंगाऱ्याला त्याने सकाळीच धुतलं होतं. पुन्हा धुतलं.

*

त्या दिवशी घरी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने ताट समोर ठेवलं. सगळं थंडच होतं. गॅस परवडेनासा झाल्यापासून ती दिवसातून एकदाच, सकाळी, शेगडी पेटवायची. तिनेही तेच थंड जेवण स्वतःला वाढून घेतलं आणि त्याच्याकडे बघितलं.

“काय झालं? कोणी लहान मूल होतं का आज?”

“नाही.”

“मग? इतकी वर्षं तर हात धुतले की जेवायला बसता. मलाच आपलं कसंतरी व्हायचं.”

त्याने तिला बाईचं सांगितलं. तिने घास खाली ठेवला नाही, पण चावायचं थांबवलं.

“शहाणी आहे ती,” ती म्हणाली. “मीही तेच केलं असतं. आणि तुम्हीही करायचं. मी आधी गेले ना, तर सरळ सांगायचं, ही कोण बाई, मी ओळखत नाही. फुकटात होईल.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“काहीतरी काय? तुमच्या खात्याने कर्मचाऱ्यांची सवलत ठेवलीय का? नाही ना? मग? तुमच्याच खणात ठेवा की मला. थंडगार. उन्हाळ्यात बरं वाटेल.” ती हसली. तिला वाटलं तोही हसेल. नेहमी हसायचा असल्या गोष्टींवर.

त्याने ताट सारलं आणि उठून बाहेरच्या नळावर गेला. हात धुतले, तोंड धुतलं, परत हात धुतले. बायको दारात येऊन उभी राहिली.

“अहो, चेष्टा केली मी.”

“तुझी चेष्टा नाही गं,” तो म्हणाला. “त्यांनी आपली चालवलीय.”

*

दुसऱ्या दिवशी बामसाहेब खाली आले. ते सेवाशुल्क विभागाचे वरिष्ठ कारकून. तळघरात यायचं म्हटलं की नाकाखाली बामचा जाड पट्टा ओढूनच यायचे, म्हणून हे नाव. तरी ते दारातच थांबायचे, आत पाऊल टाकत नसत. पूर्वी ते महिन्यातून एकदा यायचे. हल्ली आठवड्याला येत होते, कारण खात्याने आता बेवारशांतूनही उत्पन्न काढायला सुरुवात केली होती. शहरात एक खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघालं होतं. तिथल्या मुलांना शिकायला बॉड्या लागायच्या. ज्यांच्यावर कोणाचा हक्क नाही अशांपैकी चांगल्या स्थितीतल्या निवडून महाविद्यालयाला द्यायच्या, आणि महाविद्यालय इस्पितळाला देणगी देणार, असं ठरलं होतं. मरणाऱ्याने आपखुशीने देह दिला असता तर थंडोबाला त्यात वावगं वाटलं नसतं. तसे काही जण देतही. पण इथे कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

“काय थंडोबा, काय माल आहे?” बामसाहेबांनी दारातून विचारलं. तोंडात पेपरमिंटची गोळी होती, ती ते ह्या गालातून त्या गालात फिरवत होते.

“माणसं आहेत, साहेब.”

“तेच रे. तू शब्दांत अडकू नकोस. परवा आलेला तो कोण? फाटकात पडलेला. हवालदार म्हणाला, ओळख पटली नाही. अंगाने बारीक आहे ना? बारीकच बरे. कॉलेजवाले म्हणतात, चरबीवाले पाठवू नका, मुलांना कापायला त्रास होतो.”

थंडोबाच्या डोळ्यांसमोर बाईची खळ लागलेली बोटं आली. पायांपाशी चादर खोचणारी.

“तो नको,” तो म्हणाला. “खराब झालाय.”

“खराब? परवाच तर आलाय खाली. शीतपेटी कशाला आहे मग?”

“पेटी मधे मधे बंद पडते. लिहून दिलंय मी चार वेळा.”

हे खोटं होतं. म्हणजे पेटी बंद पडायची हे खरं, पण रंगाऱ्याच्या बाबतीत खोटं. आपल्या खोलीतली बॉडी खराब झाली असं थंडोबाने नोकरीत कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. पेटी बंद पडली तर तो स्वतःच्या खर्चाने बर्फ आणून लावायचा.

“बघू,” बामसाहेब म्हणाले. “उघड. मी इथूनच बघतो. अरे, असले एकेक जाऊ दिले तर वर मी काय सांगू? गेल्या महिन्यात आपला विभाग पहिला आला, माहीत आहे? संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मीटिंगमध्ये म्हणाले, बेवारस वाढताहेत म्हणून बोंब होती, पण बघा, संकटाचं आपण सोनं केलं. पुढल्या वर्षी आकडे दुप्पट करायचेत.” ते हसले. गोळी दातांवर वाजली. “म्हणजे बघ, ह्या लोकांनी जन्मात कधी सरकारला एक दमडी कर दिला नाही. मेल्यावर तरी कामाला आले. काय?”

पेपरमिंटचा गोडसर वास आणि बामचा वास एकत्र होऊन तळघरात पसरला होता. थंडोबाने हातातली कडी सोडली, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जेमतेम पोचला आणि ओकला. सकाळचा चहा, मग नुसतं पाणी, मग काहीच नाही, तरी उमाळे थांबेनात. बेसिनच्या कडा धरून तो वाकला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

त्याने मागे बघितलं तेव्हा बामसाहेब दोन पावलं मागे सरले होते. चेहरा पांढराफटक.

“तुलाच उलटी झाली?” ते म्हणाले. “तुला? अरे बापरे. मग तो चांगलाच सडला असणार!”

थंडोबाने तोंड पुसलं. “सांगत होतो ना,” तो म्हणाला. “उघडू का?”

“नको! नको नको. उघडू नकोस.” त्यांनी रुमाल नाकावर दाबला. “जाऊ दे गुरुवारच्या गाडीने. आणि इथे फिनेल टाक जरा, फिनेल.” जिन्यावरून त्यांच्या बुटांचा आवाज भराभर वर गेला.

थंडोबाने बेसिन धुतलं. मग खण थोडा ओढून बघितलं. रंगारी होता तसाच होता, स्वच्छ, चादर पायाशी खोचलेली.

“सुटलात,” थंडोबा त्याला म्हणाला, आणि आपण मेलेल्या माणसाशी बोललो ह्याचं त्यालाच नवल वाटलं.

*

गुरुवारी पालिकेची गाडी मागच्या फाटकाशी लागली. खिडक्या नसलेली, राखाडी, मागून दोन दारं उघडणारी. आत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या फळ्या. ड्रायव्हर उतरला आणि त्याने रस्त्यापलीकडे बघितलं.

“हे काय असतं हो दर गुरुवारी?” तो थंडोबाला म्हणाला. “तो समोरचा बसस्टॉप. बस येते, बस जाते, ही माणसं काही चढत नाहीत. संप आहे का कसला?”

थंडोबाने इतके दिवस तिकडे कधी बघितलं नव्हतं. गाडी लागली की त्याचं लक्ष आत असायचं. आज त्याने बघितलं. थांब्यावर दहाबारा माणसं होती. कोणी एकमेकांशी बोलत नव्हतं. छत्री घेतलेला एक म्हातारा होता. एकमेकांसारखे दिसणारे दोन भाऊ होते, आणि आत वरच्या खणात असलेल्या एका पोराच्याही तोंडवळ्याचे होते. एक बाई कामावरच्या गणवेशात होती, सारखी मनगटावरचं घड्याळ बघत होती. आणि शेवटच्या खांबाला टेकून त्या दोघी उभ्या होत्या. आई, आणि तिचा दंड धरून मुलगी.

फाटकातून आत यायची सोय नव्हती. बामसाहेबांनी फाटकावर कॅमेरा बसवून घेतला होता. गाडीजवळ कोणी रडताना दिसलं की शिपाई त्याला नातेवाईक म्हणून वर घेऊन जायचा आणि वर बिल तयार असायचं. रस्त्यापलीकडे कॅमेरा पोचत नव्हता. बसची वाट बघणाऱ्याला कोणी काही विचारू शकत नव्हतं.

“उचला,” ड्रायव्हर म्हणाला. “उशीर होतोय.”

त्यांनी पहिलं स्ट्रेचर बाहेर काढलं. सगळ्यांवर सारख्याच चादरी होत्या, डोक्यापासून पायापर्यंत. पलीकडून बघणाऱ्याला कोण कोणतं हे कळायला काही मार्ग नव्हता. थंडोबा गाडीच्या दाराशी थांबला. त्याने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तो कुठून काढायचा हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

“आजी!” तो ओरडला. “लांब वेणीच्या! उजवीकडे, खालची फळी!”

ड्रायव्हर दचकला. “अहो, मी इथेच आहे की. बहिरा नाही.”

छत्रीवाल्या म्हाताऱ्याने छत्री मिटली.

“पोरगा!” थंडोबा पुढच्या स्ट्रेचरशी ओरडला. “हातावर चांदणी गोंदलेला! उजवीकडे, वरची फळी!”

दोघा भावांपैकी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली. कोणीतरी वाकून बघितलं, आणि वास आल्यासारखी ती परत लागली.

“काय चाललंय तुमचं?” ड्रायव्हर कुजबुजला.

“मोजून घेतोय,” थंडोबा म्हणाला. “चूक नको.”

ड्रायव्हरने एकदा त्याच्याकडे, एकदा थांब्याकडे बघितलं. मग त्याने तोंडातली काडी थुंकून टाकली आणि पुढचं स्ट्रेचर स्वतःच हळू उचललं, जरा जास्तच हळू.

“रंगारी!” थंडोबाचा आवाज बसत चालला होता. “कोमट पाण्याने धुतलेले! डावीकडे! दाराजवळ!”

खांबापाशी बाई ताठ उभी राहिली. मुलीने मात्र पहिल्यांदाच मान वर केली आणि गाडीच्या उघड्या दारातून आत, डावीकडे, डोळे न मिटता बघत राहिली. बाईने तोंडावर हात नेला नाही, पदरही नेला नाही. नुसते ओठ मिटून ती उभी होती, जसं कोणी फोटो काढताना उभं राहावं.

सगळे चढवून झाले. दारं लागली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पण एकदम वळवली नाही. थांब्याच्या कडेकडेने, पायी चालणाऱ्याच्या चालीने नेली, आणि मग मोठ्या रस्त्याला लागला.

त्याच वेळी मागून बस आली. थांब्यासमोर उभी राहिली आणि सगळी माणसं तिच्याआड गेली. कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं.

“चढायचंय का कोणाला?” त्याचा आवाज रस्ता ओलांडून आला. “अहो, कोणी आहे का?”

कंडक्टरने जरा वाट बघितली, मग घंटा दिली. बस गेली तेव्हा ती सगळी तिथेच होती, जशीच्या तशी, गाडी गेली त्या बाजूला तोंड करून.